परक्या जिभेची साक्ष

या पुस्तकात एकही पाककृती नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मुखपृष्ठ पाहून कुणी ते घरी नेलं आणि संध्याकाळी वाटी-चमचा घेऊन ओट्याशी उभं राहिलं, तर फसल्यासारखं वाटेल. पाककृती हव्या असतील तर कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आहे, मंगला बर्वे यांचं ‘अन्नपूर्णा’ आहे. त्यांत भर घालावी एवढी माझी पात्रता नाही. हे पुस्तक अशी पुस्तकं वाचण्याबद्दल आहे. जुन्या जालन्यातल्या स्वयंपाकघरात बसून, मुंबई-पुणे-सांगलीकडच्या लोकांनी खाण्याविषयी लिहिलेलं वाचताना काय होतं, कुठे मान डोलते, कुठे जीभ अडते, आणि अडली तर ऐकायचं कुणाचं, पुस्तकाचं की जिभेचं, एवढाच त्याचा विषय.

मराठीत खाण्यावरचं छापील लेखन तसं जुनं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघालं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चं. ही पुस्तकं निघत होती तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होतं. कचेरीची भाषा आधी फारसी, मग उर्दू, शाळा उर्दू, आणि पुण्या-मुंबईचा इलाखा म्हणजे दुसरं सरकार. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला कादराबाद म्हणजे आजचा नवा जालना, आणि दोन्हीकडे मराठी, दखनी, मारवाडी, तेलुगू बोलणारी घरं. पाठारे प्रभूंच्या मुंबईतल्या घरात लिहिलेल्या हजार पाकक्रियांचा या गावाशी संबंध काय? भाषा एक, एवढाच. निजामाचं राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये संपलं, मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. त्यानंतर मराठी पुस्तकं, मासिकं, दिवाळी अंक इकडे नेमानं येऊ लागले, आणि त्यांच्याबरोबर ‘महाराष्ट्रीय जेवण’ नावाची एक गोष्टही आली. इथल्या बायकांना आपण महाराष्ट्रीय जेवण जेवतो की नाही, हा प्रश्न त्याआधी पडलाच नव्हता.

‘रुचिरा’ १९७० साली किर्लोस्करांनी काढलं. त्यानंतर मराठी लग्नात नवरीला जी पुस्तकं अहेरात मिळाली त्यांत या पुस्तकाचा नंबर फार वर असेल. त्याचं मोठेपण कशात आहे ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढे मी त्याच्याशी भांडणार आहे. कमलाबाईंनी तराजू बाजूला ठेवला आणि घरातली वाटी आणि चमचा हे माप धरलं. यावर नेहमीचा आक्षेप असा, की प्रत्येकीच्या घरची वाटी वेगळी. पण वाटीचं माप हे वजन नव्हे, ते प्रमाण आहे. डाळीला जी वाटी लावली तीच पाण्याला लावली, तर वाटी लहान असो की मोठी, नातं तेच राहतं. सासूच्या हाताखाली बारा वर्षं उमेदवारी न करता, परगावी, एकटीनं संसार मांडणाऱ्या मुलीला या पुस्तकानं जेवू घातलं. ज्यांच्या हातात कधी कुणी पळी दिली नव्हती अशा पुरुषांनाही घातलं. हा उपकार लहान नाही.

आता जीभ कुठे अडते ते सांगतो. दक्षिण महाराष्ट्र, पुणे, कोकण या पट्ट्यातला स्वयंपाक लिहिणारा हात सहज नारळाकडे जातो. ओलं खोबरं वरून भुरभुरवायचं, आमटीत गूळ आणि आमसूल, मसाला गोडा. जालन्यात नारळ देवापुढे फुटतो. पदार्थाला दाटपणा आणायचा तर दाण्याचं कूट, तीळ, कारळ, जवस. आंबटाला चिंच. तेल कालपरवापर्यंत करडईचं, ज्याचा वास ज्याला सवयीचा नाही त्याला उग्र वाटतो आणि ज्याला सवयीचा आहे त्याला शेंगदाण्याचं तेल फिकं लागतं. आमटी करायची तर भाजलेल्या धान्या-डाळींच्या पिठाचा येसर लावायचा, आणि तिच्यात गूळ पडला तर घरातला जुना माणूस ताट जरा पुढे सरकवून विचारतो, “हे काय, गोडाचं केलं का आज?” कमलाबाईंची आमटी वाईट नसते. ती त्यांच्या जिभेला बरोबर असते. प्रश्न असा, की छापलेली आमटी आणि घरातली आमटी वेगळी लागली तेव्हा पन्नास वर्षांत किती घरांनी पुस्तक चूक मानलं आणि किती घरांनी स्वतःला?

माझ्या मते बहुतेकांनी स्वतःला. पुरावा वह्यांत आहे. इथल्या घरांतून पाककृतींच्या जुन्या वह्या निघतात, शाळेच्या शंभरपानी, कडांना तेलाचे डाग पडलेल्या. त्या चाळल्या की एक गोष्ट लगेच दिसते. त्यांत नानकटाई असते, अंडं न घालता केक असतो, पंजाबी छोले असतात, पुढे पुढे मंचुरियन आणि पनीर येतं. मासिकातून उतरवलेलं, टीव्हीसमोर बसून घाईघाईनं टिपलेलं. धपाटे नसतात. चुरमुऱ्यांचा सुशीला नसतो. शेंगोळे, भज्यांची आमटी, अंबाडीची भाजी, काही नसतं. जे रोज होतं ते लिहायचं कशाला, हे खरंच. पण त्याचा परिणाम असा झाला की वहीत परकं आलं आणि आपलं फक्त हातात राहिलं. हात थकले की ते गेलं. नातीला येसर हवा असतो तेव्हा वहीत तो नसतो. मग ती दुकानातून पुडी आणते, आणि पुडीच्या मागे छापलेली कृती तिच्यापुरती परंपरा होते.

म्हणून कुणी म्हणेल, पुस्तकं मिटवा आणि आपल्या जिभेवर विश्वास ठेवा. हे वाक्य अलीकडे फार ऐकू येतं. मला ते अर्धवट वाटतं, आणि या पुस्तकाचा निम्मा भाग त्याच्याशी वाद घालण्यात गेला आहे.

आधी साधी गोष्ट बघू, पाणी. जालन्याला पाण्याचं दुखणं जुनं. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसणं इथे बातमी होत नाही, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात तर शहर टँकरवर जगलं. नळाचं नसेल तेव्हा बोअरचं. बोअरचं पाणी जड. त्यातला चुना डाळीच्या पेशींना घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे तूरडाळ शिजते पण मोडत नाही, वरण एकजीव होत नाही, दाणे वेगळे आणि पाणी वेगळं. पुस्तक म्हणतं, इतक्या शिट्ट्या. पुस्तकातल्या पाण्यात तितक्या पुरतात. इथली बाई डाळ आधी भिजत घालते, हळद-तेलाचा थेंब टाकते, कुणी चिमूटभर सोडा टाकते, आणि चिंच डाळ पूर्ण मोडल्याशिवाय घालत नाही, कारण आंबट पडलं की डाळ अडून बसते. यातलं कुठलंही तिनं वाचलेलं नाही. पण कुणी तिला समजावून सांगितलं की हा पाण्याचा दोष आहे, तर ती पुढच्या वेळी पुस्तक वाचताना शिट्ट्यांच्या आकड्याकडे वेगळ्या नजरेनं बघेल. लेखिकेनं खोटं सांगितलं नव्हतं. लेखिका दुसऱ्या विहिरीवर उभी होती.

मी खाद्यलेखनाकडे असाच बघायला शिकलो, साक्ष म्हणून. साक्षीदार प्रामाणिक असला तरी तो कुठे उभा होता, त्याला काय दिसत होतं आणि काय दिसत नव्हतं, हे विचारावंच लागतं. त्याच्या चुलीवर लाकूड होतं की गॅस, त्याच्या गावाला समुद्र होता की नाही, महिन्याचं तूप त्याला परवडत होतं का. ही उत्तरं पुस्तकातच असतात, फक्त ती प्रमाणांच्या यादीत नसतात. ‘सजावटीसाठी काजू’ हे दोन शब्दांचं उत्पन्नाचं प्रमाणपत्रच की.

आणि भाकरी. भाकरीपाशी आल्यावर प्रत्येक पुस्तक जरा अडखळतं, आणि मला त्या अडखळण्याबद्दल आदर आहे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटा नसतो. जे धरून ठेवायचं ते गरम पाण्यानं फुगलेल्या पिठानं आणि तळहाताच्या रगडण्यानं. पीठ ताजं असेल तर त्याला विरी असते, पंधरा-वीस दिवसांचं झालं की विरी जाते आणि भाकरी थापताना कडेनं चिरते. मग तेच पीठ, तेच पाणी, तीच बाई, आणि भाकरी वेगळी. एखाद्या आजीला विचारा, पाणी किती घालायचं? “पीठ मागंल तेवढं, माय.” हे उत्तर टाळाटाळीचं वाटतं, पण याहून अचूक उत्तर देता येत नाही. पिठाचं दळण किती बारीक, ज्वारी यंदाची की गेल्या सालची, हवा कोरडी की पावसाळी, यावर ते पाणी ठरतं आणि हाताला लागतं. त्या बाईचा आपल्या अंदाजावरचा विश्वास हजारो भाकऱ्यांवर उभा आहे. ज्यानं चार भाकऱ्या थापल्या त्यानं ‘मी माझ्या अंदाजावर विश्वास ठेवतो’ म्हणणं याला काही अर्थ नाही. विश्वास ठेवण्याजोगा अंदाज आधी कमवावा लागतो.

हा कमावलेला अंदाज किती खोल जातो ते बघायचं असेल तर भाद्रपदात मराठवाड्यातल्या कुठल्याही महालक्ष्म्यांच्या घरी जावं. पुण्या-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या इकडे महालक्ष्म्या. दुसऱ्या दिवशी महानैवेद्य. पुरणपोळी, आंबील, कढी, वडे, कोशिंबिरी, चटण्या, आणि सोळा भाज्या एकत्र करून केलेली भाजी. पहाटेपासून रांधलेलं हे सगळं देवीपुढे जाईपर्यंत उष्टं होऊ द्यायचं नाही. म्हणजे चाखायचं नाही. मीठ बघायचं नाही. तीस-चाळीस पानांचा स्वयंपाक, आणि करणारीच्या जिभेला त्यात प्रवेशच नाही.

तरी तो बहुतेक वेळा जमतो. विचारलं तर बायका सांगतात, वासावरून कळतं. मिठाला वास नसतो हे शाळेत शिकवलेलं मला आठवतं, आणि मी ते एकदा बोलूनही दाखवलं; त्यावर मिळालेली नजर इथे छापण्यासारखी नाही. पण विचार केल्यावर वाटतं, त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर आहे. मुठीत किती मीठ मावतं ते हाताला ठाऊक असतं. मीठ पडल्यावर भाजीला पाणी कसं सुटतं, फेस कसा बसतो, वास कसा बदलतो, हे सगळं मिळून ‘कळतं’. चव इथे जिभेवर उरलेली नाही. ती हातात, नाकात, डोळ्यांत पसरली आहे. एखादं वर्ष चुकतंही. मग पंगतीत पहिला घास घेणारा काही बोलत नाही, फक्त वाढपिणीला हळूच मीठ मागतो किंवा कढी जास्त घेतो, आणि स्वयंपाकघरात तेवढ्यावरून बातमी पोचते. जगातल्या कुठल्या खाद्यसमीक्षकाला इतक्या नेमक्या शब्दांत चूक सांगता आली असेल असं मला वाटत नाही.

स्कॉटलंडचे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७५७ साली अभिरुचीच्या कसोटीवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी ‘डॉन किहोटे’मधली एक गोष्ट घेतली आहे. सांचो पांझाच्या नात्यातल्या दोघांना पिंपातली वाइन चाखायला दिली. एक म्हणाला, छान आहे, पण किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणाला, छान आहे, पण किंचित लोखंडाची येते. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली जुनी किल्ली निघाली. ह्यूम यांना या गोष्टीतून असं सुचवायचं होतं की चव ही नुसती मर्जी नव्हे, बारीक जीभ खरोखरीचं काही पकडते.

पिठाच्या गिरणीला ही गोष्ट सांगण्याची गरज नाही. ज्वारीच्या मागे मका किंवा हरभरा दळला गेला असेल आणि जात्यात उरलेलं पहिलं मूठभर पीठ आपल्या डब्यात आलं असेल, तर ती भाकरी पहिल्या घासाला ओळखणाऱ्या बायका इथे गल्लोगल्ली आहेत. गिरणीवाल्याला विचारलं तर तो नाखुशीनं कबूलही करतो. इथे पिंपाचा तळ बघता येतो. पण आमटीत गूळ असावा की नसावा, या वादात तळाशी कुठलीच किल्ली निघणार नाही. ह्यूम यांच्या गोष्टीत दोन वेगळे प्रश्न एका पिंपात घातले गेले आहेत असं मला वाटतं: पदार्थात काय आहे ते ओळखणं, आणि काय असावं ते ठरवणं. पहिल्यात जीभ तज्ज्ञ होऊ शकते. दुसऱ्यात ती फक्त आपल्या घराण्याचं नाव सांगते.

आणि ते घराणं आपल्याला वाटतं तितकं जुनं नसतं. आषाढीला जुन्या जालन्यात आनंदी स्वामींच्या यात्रेला गर्दी लोटते आणि घरोघरी साबुदाण्याची खिचडी होते. उपवासाची याहून अस्सल चव कुणाला आठवणार नाही. पण ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो मूळ दक्षिण अमेरिकेतला. तमिळनाडूत सेलमला त्याचे कारखाने उभे राहिले ते १९४० च्या दशकात. खिचडीतला बटाटा, शेंगदाणा, मिरची यांचं माहेरही अमेरिकाच. आपल्या पणजीच्या पणजीनं उपवासाला भगर खाल्ली असेल, साबुदाणा नव्हे. यानं खिचडी खोटी ठरत नाही. पण ‘माझ्या जिभेला परंपरा कळते’ असं म्हणताना जरा दबकून म्हणावं एवढं नक्की.

ज्वारीची गोष्ट जालन्यापुरती आणखी टोकदार आहे. १९६४ साली देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण, सीएसएच-१, शेतकऱ्यांपुढे आला. त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली. पुढे हे शहर बियाण्यांचं शहर झालं, आणि बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित ज्वारीनं पोटं भरली हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आणि कामावर वाटलेली सुकडी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांच्यापुढे चवीच्या गप्पा मारायला मला संकोच वाटतो. पण ‘हायब्रीड’ हा शब्द मराठवाड्यात बेचव या अर्थानं रुळला तो काही उगाच नाही. खरिपात दाणा भरताना पाऊस आला की कणीस काळं पडतं, आणि त्या दाण्याची भाकरी घशाखाली ढकलावी लागते. म्हणून बियाण्यांच्या या शहरात घरात खायला मात्र रब्बीचा शाळू शोधला जातो, मोहोळला निवडलेली जुनी ‘मालदांडी ३५-१’ शोधली जाते. गंमत अशी, की एका पिढीला जी ज्वारी गरिबीची खूण म्हणून नकोशी झाली, जिला सोडून पोळीवर जाणं ही प्रगती होती, तीच आज शहरांत गव्हाहून महाग विकली जाते. मधल्या काळात जीभ कुठे होती? ती मानापमानाच्या मागे फिरत होती. चवीत खिसा असतो आणि इभ्रतही असते.

आता या विषयावरचं मराठवाड्यातलं सर्वांत महत्त्वाचं पुस्तक. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं. धाराशिव जिल्ह्यातल्या या लेखकानं महार आणि मांग समाजांची खाद्यसंस्कृती लिहून काढली: कुठला मांसाचा भाग कुणाच्या वाट्याला यायचा, तो कसा रांधायचा, उरलेलं वाळवून चान्या कशा करायच्या, रक्ताची रक्ती कशी करायची, रानातल्या कुठल्या भाज्या फुकट मिळायच्या. सोबत धर्मग्रंथांतल्या सात्त्विक-राजस-तामस या वाटणीची त्यांनी उलटतपासणी घेतली. भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये निघाला आणि मग ज्या मराठी वाचकांनी मूळ पुस्तक पाहिलंही नव्हतं ते त्याबद्दल बोलू लागले. हेही आपल्या रीतीला धरूनच झालं म्हणायचं.

हे पुस्तक वाचताना माझी जीभ अडली ती आमटीतल्या गुळापाशी अडते तशी नाही. त्या पदार्थांची कल्पना करताना शरीर मागे सरलं. ‘आपल्या चवीवर विश्वास ठेवा’ हा उपदेश इथे लावून बघा. ज्या चवीवर मी विश्वास ठेवायचा ती कुणी घडवली? गावकुसाच्या आत काय शिजावं आणि बाहेर काय शिजावं हे ज्यांनी ठरवलं त्यांनीच. किळस ही आपल्याला आतून, आपली स्वतःची वाटते, पण तिचा अभ्यासक्रम दुसऱ्यानं नेमलेला असतो. पाटोळे यांच्या पाककृतींत तूप नाही, दूध नाही, मसाल्यांची लांबलचक यादी नाही, कारण ते परवडत नव्हतं; आणि जे होतं त्यातून चव काढण्याचं कसब आहे. दुसरीकडे, पुस्तक आलं त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यात गोवंशहत्याबंदीचा कायदा लागू होऊन बैलाच्या मांसालाही बंदी आली. म्हणजे त्यातल्या काही पाककृती छापल्या गेल्या तेव्हाच चुलीवरून उतरल्या होत्या. वाचणं आणि रांधणं यांतलं अंतर दर वेळी नारळाच्या भावानं पडतं असं नाही. कधी ते कायद्यानं पडतं.

खरं तर खाण्याविषयीचं मराठीतलं मोठं लेखन पाककृतींच्या पुस्तकांबाहेरच आहे. दया पवार यांचं ‘बलुतं’ १९७८ चं, लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० चं, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ चं. या आत्मकथनांत अन्न पानोपानी आहे, पण ते मिळेल की नाही या रूपात. पु. ल. देशपांडे यांचा ‘माझे खाद्यजीवन’ वाचून तोंडाला पाणी सुटतं, आणि त्यात काहीही वाईट नाही. पण तो लेख आणि ‘उचल्या’ एका आठवड्यात वाचावेत, कुठल्याही क्रमानं. मी वर्षानुवर्षं फक्त तो लेखच वाचत आलो आहे.

इतकं सगळं म्हटल्यावर वाटेल की मला खाद्यलेखन म्हणजे नुसतं संशयानं वाचायची गोष्ट वाटते. तसं नाही. जालन्यापासून समुद्र चारशे किलोमीटर आहे. इथे मासा म्हणजे जायकवाडीचा, गोदावरीचा. रोहू, कटला, भाग्यानं मरळ. तरी मी बोंबलांवर, सोलकढीवर, कोलंबीच्या खिचडीवर कोकणच्या आणि मुंबईच्या लेखकांनी लिहिलेलं इतकं वाचलं आहे, की प्रत्यक्ष खाण्याआधीच माझं त्यांबद्दल मत होतं. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर रेशन चालू असताना, १९५० साली, एलिझाबेथ डेव्हिड यांनी भूमध्य सागराकाठच्या जेवणावर पुस्तक लिहिलं. ऑलिव्हचं तेल, लिंबं, लसूण धड मिळत नव्हतं आणि लोक ते पुस्तक वाचत होते. जे रांधता येणार नाही ते वाचण्यात एक निराळं सुख आहे आणि त्याला पाककृतीच्या खरेपणाची कसोटी लावू नये. दुर्गा भागवत यांचं ‘खमंग’ मी असंच वाचतो. लोकसंस्कृतीचा व्यासंग असलेली बाई पदार्थाबद्दल बोलते तेव्हा तो करून बघायची घाई होत नाही, ऐकत राहावंसं वाटतं.

आणि जे लिहिलंच गेलं नाही त्याचं काय? औरंगाबाद-जालन्याच्या मुस्लिम लग्नांतलं नान-खलिया घ्या. महंमद तुघलकानं १३२७ साली दिल्लीहून दौलताबादेला राजधानी आणली, तेव्हाच्या लष्कराच्या तळावर ते जन्मलं असं लोक सांगतात. खरं-खोटं खुदा जाणे. पण शेकडो माणसांसाठी देग चढवणारा बावर्ची आपली कृती कागदावर देत नाही, पोराला देतो. मराठी पाकपुस्तकांना तो कधी दिसलाच नाही, आणि त्यालाही त्यांची गरज पडली नाही. त्याच्यावरचं प्रकरण या पुस्तकात सर्वांत छोटं झालं आहे. मला ते मोठं करता आलं असतं, पण मग त्यात चव माझी आणि नाव त्याचं, असं झालं असतं.

प्रकरणांच्या क्रमाबद्दल थोडं. ती पुस्तकांच्या प्रकाशनाच्या वर्षांनुसार लावलेली नाहीत. पाणी, पीठ, तेल, मीठ अशी घरात जे आधी लागतं त्या क्रमानं आहेत. बोलणारी माणसं जशी बोलली तशीच ठेवली आहेत, त्यांचं ‘मागंल’ मी ‘मागेल’ केलेलं नाही. नावं मात्र कुणाचीच दिली नाहीत, तशी अटच होती. दुसऱ्यांच्या पुस्तकांतली मापं जिथे सांगावी लागली तिथे वाटीची वाटीच राहिली आहे.

पाचवं प्रकरण चान्यांचं आहे. ज्यांना ते वाचवणार नाही त्यांनी ते खुशाल वगळावं. फक्त मग सहावंही वाचू नये. ते वरण-भात-तुपावर आहे, आणि त्यातला सगळा युक्तिवाद पाचव्याच्या पायावर उभा आहे.